थाई पद्धतीचे कुरकुरीत कोळंबी वडे: आतला लगदा जमला की बाकी सोपं

थायलंडमध्ये 'थॉत मन कुंग' नावाने मिळणारे हे वडे बाहेरून सोनेरी, खरखरीत आणि कुरकुरीत असतात, आत मात्र घट्ट आणि लवचिक. दातांखाली दबतात आणि लगेच उसळी घेतात. घरी केलेल्या वड्यांत बाहेरचा कुरकुरीतपणा बहुतेकांना जमतो, कारण तो चांगल्या ब्रेडच्या चुऱ्याचा आणि तेलाच्या तापमानाचा खेळ आहे. फसतो तो आतला भाग. कधी तो पिठूळ लागतो, कधी भुसभुशीत होऊन तुटतो, कधी पाणी सोडून आवरणच भिजवून टाकतो. या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: कोळंबी पुरेशी कोरडी नव्हती, किंवा काम करता करता ती गरम झाली.

एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. थायलंडमध्ये माशाचेही वडे असतात, 'थॉत मन प्ला'. त्यांत लाल करी पेस्ट, बारीक चिरलेल्या लांब शेंगा आणि मकरूत लिंबाची पानं असतात, वरून चुरा नसतो, आणि सोबत काकडीची आंबटगोड कोशिंबीर येते. कोळंबीचे वडे हा वेगळा पदार्थ आहे. त्यात करी पेस्ट नसते, मसाला अगदी सौम्य असतो, ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण असतं आणि सोबत आलुबुखाराच्या जातीच्या खारवलेल्या फळाचा गोड-आंबट सॉस असतो. बऱ्याच पाककृतींत या दोघांची सरमिसळ झालेली दिसते. लाल करी पेस्ट घातली तर वडा वाईट लागतो असं नाही, पण कोळंबीची गोडी तिच्याखाली दबून जाते, आणि पेस्टमधल्या ओलाव्यामुळे लगदाही सैल पडतो.

साहित्य (साधारण १२ वडे)

सोललेली, दोरा काढलेली कोळंबी ४०० ग्रॅम
डुकराची घट्ट पांढरी चरबी ५० ग्रॅम
मीठ ४ ग्रॅम, म्हणजे पाऊण छोटा चमचा
साखर दीड छोटा चमचा
फिश सॉस १ छोटा चमचा
लसूण १० ग्रॅम, साधारण ३ ते ४ पाकळ्या
कोथिंबिरीची मुळं ३
पांढऱ्या मिरीचे दाणे अर्धा छोटा चमचा
अंड्याचा पांढरा भाग अर्धा, साधारण १५ ग्रॅम
टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा
तिळाचं तेल १ छोटा चमचा
पँको, म्हणजे जपानी पद्धतीचा जाडसर ब्रेडचा चुरा, १२० ग्रॅम
तळायला बिनवासाचं तेल

कोळंबी धुण्यासाठी आणखी एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धा चमचा मीठ वेगळं ठेवा.

चमच्याचं माप सांगितलं असलं तरी मीठ आणि स्टार्च शक्यतो वजनाच्या काट्यावर घ्या. मिठाच्या प्रत्येक प्रकाराचा चमचा वेगळा भरतो. इथे मीठ कमी पडलं तर चव तर जातेच, शिवाय लगदाही बांधला जात नाही.

कोळंबीची निवड

मोठी, महाग कोळंबी घ्यायची गरज नाही. ती शेवटी ठेचलीच जाणार आहे. मध्यम आकाराची, ताजी आणि टणक असली की पुरे. डोक्यासकट कोळंबी घेतली तर सोलल्यावर निम्म्याच्या आसपास मांस उरतं, म्हणून ४०० ग्रॅमसाठी ८०० ग्रॅमच्या आसपास आणावी लागते. डोकं काढलेली, सालीसकट कोळंबी साधारण ५०० ग्रॅम पुरते.

डोक्यासकट कोळंबी आणली असेल तर डोकी घरी आल्या आल्या काढून टाका. डोक्यात पचनग्रंथी असते, आणि कोळंबी मेल्यावर तिच्यातले पाचकरस मांसात पसरून ते मऊ करतात. डोक्याजवळचं मांस हाताला लिबलिबीत लागत असेल तर हेच झालेलं असतं. अशा मांसाचा लगदा कितीही मळला तरी लवचिक होत नाही. अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर ती कोळंबी वड्यालाच काय, कशालाच घेऊ नका.

गोठवलेली कोळंबी चालते, पण पाकिटावरची घटकांची यादी वाचा. त्यात सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा ई ४५१ लिहिलेलं असेल तर त्या कोळंबीने बरंच पाणी धरून ठेवलेलं असतं. पाकिटात फक्त कोळंबी, किंवा कोळंबी आणि मीठ एवढंच असेल ते उत्तम. गोठवलेली कोळंबी रात्रभर फ्रिजमध्ये, चाळणीवर ठेवून वितळवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली निथळतं. कोमट पाण्यात बुडवून घाईने वितळवलेली कोळंबी बाहेरून मऊ पडते आणि आत बर्फच राहतो.

उकडलेली, गुलाबी कोळंबी इथे अजिबात चालत नाही. तिच्यातली प्रथिनं आधीच आवळून गेलेली असतात. ती एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत.

धुणं आणि कोरडं करणं

सोललेल्या कोळंबीवर एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धा चमचा मीठ टाकून बोटांनी मिनिटभर चोळा. पीठ करडं, चिकट होईल. पृष्ठभागावरचा बुळबुळीतपणा आणि वास त्या पिठाबरोबर निघून जातो. मग थंड पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत, भराभर दोन-तीनदा धुवा. पाण्यात भिजत ठेवू नका.

थाई स्वयंपाकघरांत काही जण याच टप्प्यावर खाण्याचा सोडा वापरतात. ४०० ग्रॅमला पाव छोटा चमचा सोडा चोळून १५ ते २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पुन्हा स्वच्छ धुवायचं. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, पाणी धरून ठेवतं आणि शिजल्यावर जास्त करकरीत लागतं. कोळंबी ताजी आणि टणक असेल तर हे करायची गरज नाही. जास्त सोडा झाला किंवा धुवायचा राहिला तर साबणासारखी चव येते आणि मांस काचेसारखं पारदर्शक दिसायला लागतं. फॉस्फेटवाल्या कोळंबीला तर सोडा लावूच नका.

आता कोरडं करणं. यात कंटाळा केला की पुढे त्याची भरपाई होत नाही. धुतलेली कोळंबी चाळणीत दहा मिनिटं निथळा. मग स्वच्छ सुती फडक्यावर एका थरात पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, आणि फडकं ओलं झालं की बदला. नंतर ताटात पसरून, न झाकता, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधली कोरडी हवा उरलेला ओलावा ओढून घेते आणि कोळंबी पुरेशी गार होते. हाताला ती किंचित चिकट लागली पाहिजे, ओली नाही. घाई असेल तर २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, पण कडेने कडक व्हायला लागली की बाहेर काढा.

चरबी कशासाठी

कोळंबीच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच. नुसत्या कोळंबीचा वडा तळल्यावर रबरासारखा घट्ट आणि कोरडा होतो. डुकराच्या चरबीचे बारीक कण लगद्यात विखुरलेले राहतात आणि तळताना वितळून आत रसरशीतपणा आणतात. पाठीवरची पांढरी, टणक चरबी सगळ्यात चांगली. ती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून कडक करा आणि धारदार सुरीने २ ते ३ मिलिमीटरचे तुकडे करा. मऊ चरबी चिरायला गेलात तर ती सुरीखाली फिसकटते, तिचं लोणी होतं आणि लगद्याला तेलकट थर येतो.

डुकराचं मांस चालत नसेल तर कोंबडीच्या कातडीखालची चरबी याच पद्धतीने गोठवून, चिरून वापरता येते. तीही नको असेल तर थंडगार केलेलं बिनवासाचं तेल २० मिली घ्या आणि लगदा पूर्ण बांधला गेल्यावर, अगदी शेवटी, थोडं थोडं करून जिरवा. आधीच घातलं तर तेल प्रथिनांच्या मध्ये शिरतं आणि ती एकमेकांना चिकटत नाहीत. तेलाचा वडा चवीला चांगला होतो, चरबीच्या वड्याइतका रसाळ मात्र नाही.

वाटण

लसूण, कोथिंबिरीची मुळं आणि पांढरी मिरी हे त्रिकूट थाई स्वयंपाकात असंख्य पदार्थांच्या तळाशी असतं. आधी मिरी खलबत्त्यात बारीक कुटा, मग चिरलेली मुळं घालून कुटा, शेवटी लसूण. मुळं धागेदार असतात, ती लसणाआधी घातली तरच नीट ठेचली जातात. मुळांवरची माती सुरीने खरवडून काढा, नुसत्या धुण्याने ती जात नाही आणि वड्यात दाताखाली येते. मुळं मिळाली नाहीत तर कोथिंबिरीच्या देठांचा खालचा, जाड भाग दुप्पट घ्या. पानं घालू नका. ती पाणी सोडतात आणि लगदा हिरवट दिसतो.

पांढऱ्या मिरीऐवजी काळी मिरी चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. चालेल, पण वास वेगळा येतो आणि गुलाबीसर लगद्यात काळे ठिपके दिसतात. पांढरी मिळत असेल तर तीच घ्या, आणि आयत्या पुडीपेक्षा दाणे कुटून घेतलेले केव्हाही बरे.

लगदा

कोळंबीचे तीन भाग करा. एक भाग सुरीने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून वेगळा ठेवा आणि फ्रिजमध्ये टाका. खाताना कोळंबी खाल्ल्याचं समाधान या तुकड्यांमुळे मिळतं. उरलेल्या दोन भागांचा लगदा करायचा आहे.

सगळ्यात चांगला लगदा सुरीने होतो. जड, रुंद पात्याची सुरी आडवी धरून एकेक कोळंबी फळीवर चेपा आणि पातं पुढे ओढत पसरवा. मग सगळ्याचा ढीग करून उभ्या सुरीने दोन-तीन मिनिटं कुटत चिरा, मधूनमधून सुरीने उलटा. असं चेपल्याने मांसाचे तंतू फाटतात पण लांब राहतात, आणि हेच लांब तंतू पुढे जाळं विणतात.

मिक्सर वापरायचा असेल तर भांडं आणि पातं आधी १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. थांबून थांबून, दर वेळी एक-दोन सेकंद, असं सहा ते आठ वेळा फिरवा. मध्ये भांड्याच्या कडा खरवडून घ्या. सलग फिरवलं तर पात्याच्या घर्षणाने लगदा काही सेकंदांत गरम होतो आणि तंतू पार तुटून जातात. पाणी घालायचा मोह तर अजिबात नको. लगदा फिरत नसेल तर भांडं हलवा आणि पुन्हा एकदा फिरवा.

आता मीठ. लगद्यात सगळ्यात आधी फक्त मीठ घाला, बाकी काहीही नाही. हा क्रम महत्त्वाचा आहे. मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन मिठाच्या पाण्यात विरघळतं, चिकट होतं, आणि उष्णता लागली की त्याचं जाळं होऊन ते सगळं धरून ठेवतं. वड्याची उसळी या जाळ्यातून येते, अंड्यातून किंवा पिठातून नाही. स्टार्च किंवा साखर आधी घातली तर ती उपलब्ध ओलावा पळवतात आणि मिठाचं काम अर्धवट राहतं.

मीठ घातल्यावर हाताने किंवा जाड लाकडी चमच्याने, एकाच दिशेने, तीन ते चार मिनिटं जोरात फेटा. सुरुवातीला लगदा सैल आणि दाणेदार दिसतो. दीड-दोन मिनिटांनी तो भांड्याच्या कडेला चिकटायला लागतो, रंग फिकट होतो आणि वर किंचित चकाकी येते. बोटं वर उचलली की मागे चिकट तारा ओढल्या जातात. इथपर्यंत आल्याशिवाय पुढचं साहित्य घालू नका.

मग हा क्रम: वाटण आणि साखर, त्यानंतर फिश सॉस, मग अंड्याचा पांढरा भाग, मग स्टार्च, मग चरबीचे तुकडे, सर्वांत शेवटी तिळाचं तेल आणि बाजूला ठेवलेले कोळंबीचे तुकडे. प्रत्येक गोष्ट मिसळली की पुढची. अंड्याचा पांढरा भाग अर्ध्याहून जास्त घालू नका. जास्त झाला तर वडा तेलात फुगतो, बाहेर काढल्यावर बसतो आणि आवरण सुरकुततं. स्टार्चचंही तेच. लगदा सैल वाटला की हात पिठाच्या डब्याकडे जातो, पण एकाचे दोन चमचे झाले की चव पिठाची लागायला सुरुवात होते. सैल लगद्याला पिठापेक्षा गारव्याची गरज असते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटून पाहा.

आता लगदा आपटायचा. सगळा गोळा हातात उचला आणि खोल भांड्यात किंवा परातीत जोराने फेका. पुन्हा गोळा करा, पुन्हा फेका. असं ३० ते ४० वेळा. आपटल्याने आत अडकलेली हवा निघून जाते आणि लगदा दाट होतो. हवा राहिली तर ती तळताना प्रसरण पावते आणि वड्याला भेगा पडतात. तयार लगदा तळहातावर घेऊन हात उलटा केला तरी पडत नाही.

या सगळ्या वेळात लगदा गार राहायला हवा, शक्यतो १० अंश सेल्सिअसच्या खाली. हाताला तो कोमट लागायला लागला, किंवा चरबीचे कण चमकायला लागले, की थांबा आणि भांडं दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात भांड्याखाली बर्फाच्या पाण्याचं दुसरं भांडं ठेवून काम करा.

वडे थापण्याआधी चाचणी घ्या. चमचाभर लगदा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं शिजवा आणि खाऊन पाहा. मीठ कमी आहे का, उसळी आली का, हे आत्ताच कळलं तर दुरुस्त करता येतं. कच्चा लगदा चाखायचा नसतो. तुकडा चावल्यावर भुसभुशीत तुटला तर अजून दोन मिनिटं फेटा आणि आपटा. चाचणी झाली की लगदा झाकून किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, फ्रिजमध्ये ठेवा.

थापणं आणि चुरा लावणं

लगद्याचे ४० ग्रॅमचे गोळे करा. हात पाण्याने अगदी किंचित ओला करा. तेलाचा हात लावला तर चुरा नीट धरत नाही, आणि पाणी जास्त झालं तर पृष्ठभागावर खळ तयार होते. गोळा ६ ते ७ सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड असा थापा. यापेक्षा जाड वडा आतून शिजेपर्यंत बाहेरून करपतो, पातळ वडा कोरडा होतो. थायलंडमधल्या बऱ्याच भोजनालयांत हे वडे मधे भोक पाडून, मेदूवड्यासारखे करतात. त्याने मधला भाग लवकर शिजतो आणि चुऱ्याला जास्त जागा मिळते, म्हणजे कुरकुरीत भागही वाढतो. पहिल्यांदा करत असाल तर भोक पाडाच, आत कच्चं राहण्याची भीती संपते.

लगदा मुळातच चिकट असल्यामुळे मैदा आणि अंड्याचा थर लावायची गरज नसते. वडा थेट चुऱ्यात ठेवा, वरून चुरा टाका, तळहाताने हलकेच दाबा, उलटा आणि पुन्हा दाबा. जोर लावलात तर चुऱ्याच्या पापड्या मोडतात, थर सपाट होतो आणि कुरकुरीतपणा निम्मा होतो. मैदा, फेटलेलं अंडं आणि चुरा असा तिहेरी थर फक्त वडे गोठवून ठेवायचे असतील तेव्हा लावा. तो जाड असतो, पण महिनाभर फ्रीझरमध्ये टिकाव धरतो.

चुरा पँकोच हवा का? शक्यतो हो. पँकोचा ब्रेड विजेचा प्रवाह सोडून भाजतात, त्यामुळे त्याला तपकिरी कड येत नाही, आणि किसल्यावर त्याच्या हलक्या, टोकदार पापड्या पडतात. त्यांच्यामधल्या पोकळ जागांमुळे आवरण हलकं राहतं. साधा बारीक चुरा घट्ट थर करतो आणि तेलही जास्त पितो. पँको मिळाला नाही तर कालच्या पांढऱ्या ब्रेडच्या कडा काढा, ब्रेड जाड किसणीवर किसा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर, रंग न येऊ देता, सुकेपर्यंत ठेवा. अधूनमधून हलवा. थोडा ओलसर राहिला तर तळताना रंग आधी येतो आणि कुरकुरीतपणा नंतरही येत नाही.

चुरा लावलेले वडे फ्रिजमध्ये १५ मिनिटं ठेवा. लगद्याचा थोडा ओलावा चुऱ्याच्या आतल्या बाजूने शोषला जातो आणि आवरण घट्ट बसतं. लावल्या लावल्या तेलात सोडलेल्या वड्याचा चुरा गळतो, तेलात जळतो आणि पुढच्या घाण्यावर काळे ठिपके बसवतो.

तळणं

कढईत तेल किमान ५ सेंटिमीटर खोल हवं. कमी तेलात वडा तळाला टेकतो आणि तिथे डाग पडतो. तेल १७० अंश सेल्सिअसला आणा. तापमापक असेल तर वापराच, इथे अंदाजाने काम करण्यात काही शहाणपण नाही. नसेल तर चुऱ्याचा एक कण टाका. तो खाली जाऊन लगेच वर आला, भोवती बारीक बुडबुडे आले आणि रंग यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागला, तर तेल बरोबर आहे. पंधरा सेकंदांत तपकिरी झाला तर आच उतरवा.

एका वेळी तीन-चारच वडे सोडा. जास्त सोडले तर तापमान एकदम खाली जातं, आवरण घट्ट व्हायच्या आत तेल आत शिरतं. पहिलं अर्धं मिनिट वड्यांना हात लावू नका, आवरण तेव्हा नाजूक असतं. मग दर मिनिटाला उलटत एकूण चार ते पाच मिनिटं तळा. मधे तेल १६० च्या खाली जाऊ देऊ नका. वडा आधी जड असतो, हळूहळू वर तरंगतो आणि किंचित फुगतो. भोवतीचे बुडबुडे कमी झाले, तडतड मंदावली, की आतलं पाणी बऱ्यापैकी निघून गेलंय आणि वडा शिजत आलाय. तापमापकाचं टोक मधे खुपसून ६३ अंश मिळाले की झालं. त्याहून फार पुढे नेलं तर कोळंबी आवळते आणि घट्ट होते.

वडे कागदावर काढू नका. खालची वाफ अडकते आणि तळ मऊ पडतो. जाळीवर, एकमेकांना न टेकवता, ठेवा. सगळे घाणे झाल्यावर तेल १८५ अंशांपर्यंत तापवून वडे पुन्हा ३० ते ४० सेकंद तळा. या दुसऱ्या तळणीत आवरणात परत आलेला ओलावा उडून जातो, आणि वडा पंधरा-वीस मिनिटं कुरकुरीत राहतो. पाहुण्यांसाठी करत असाल तर पहिली तळणी आधी उरकून घ्या आणि दुसरी पानं मांडल्यावर करा.

घाण्यांच्या मधे तेलातला सुटा चुरा बारीक जाळीच्या झाऱ्याने काढत राहा. या तेलाला कोळंबीचा वास लागतो. गाळून एखाद-दुसऱ्या वेळी माशासाठी वापरता येईल, पण कवचधारी माशांची अ‍ॅलर्जी असणाऱ्या कुणासाठीही या तेलात काहीही तळू नका.

एअर फ्रायरमध्ये करायचे असतील तर चुरा आधीच मोठा चमचाभर तेलात, मंद आचेवर, फिकट सोनेरी परतून घ्या आणि मग वड्यांना लावा. १९० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मधे एकदा उलटून. कच्चा पांढरा चुरा लावून वरून तेल फवारलं तर रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो आणि त्याची वाट पाहता पाहता कोळंबी कोरडी पडते.

सॉस

या वड्यांबरोबर थायलंडमध्ये 'नाम चिम बुआय' देतात, तिथल्या चिनी वंशाच्या समाजाच्या स्वयंपाकातून आलेला सॉस. त्यासाठी मिठात मुरवलेली बुआयची, म्हणजे वर सांगितलेली आलुबुखाराच्या जातीची, फळं लागतात. ही बाटलीत, खारट पाण्यात मिळतात. जपानी उमेबोशी त्याच फळाची असते, तीही चालते, पण त्यात रंगासाठी शिसो या सुवासिक वनस्पतीची लाल पानं असतील तर सॉस लालसर होतो आणि वास थोडा वेगळा येतो.

३ फळांचा गर बियांवरून सोडवून कुस्करा. छोट्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर, ६० मिली पांढरं व्हिनेगर, ६० मिली पाणी आणि हा गर एकत्र करून मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं उकळा. बियाही त्यातच टाका, त्यांना चिकटलेला गर सुटतो, नंतर काढून घ्या. फळं फार खारट असतात, म्हणून वेगळं मीठ घालण्याआधी चाखा. सॉस गरम असताना पातळच वाटतो. तेव्हाच दाट केला तर गार झाल्यावर चिकट पाक होतो आणि वडा बुडवता येत नाही. तिखट आवडत असेल तर आच बंद करताना एक लाल मिरची बारीक चिरून घाला. बुआय नाहीच मिळाला तर बाजारातला थाई गोड-तिखट मिरची सॉस घ्या, पण त्यात लिंबू पिळा, नाहीतर नुसतं गोडच लागतं.

बिघडलं तर

चुरा निघून येत असेल तर वड्याचा पृष्ठभाग जास्त ओला होता किंवा चुरा लावल्यावर वडा विसावला नाही. बाहेर काळपट आणि आत कच्चं असेल तर तेल जास्त तापलं होतं. साखर आणि ब्रेड दोन्ही लवकर रंग धरतात, म्हणून साखर दीड चमच्यापेक्षा वाढवू नका. वडा तेलकट झाला तर तेल थंड होतं किंवा घाणा मोठा होता. आतून रबरासारखा झाला तर चरबी कमी पडली, अंडं जास्त झालं किंवा तळणं लांबलं. भुसभुशीत झाला तर लगदा गरम झाला होता, मीठ कमी होतं, किंवा कोळंबी मुळातच शिळी होती. यातलं शेवटचं कारण असेल तर ते कशानेच सुधारत नाही. आधी केलेली पाण्यातली चाचणी अशा वेळी उपयोगी पडते. तिथेच कळलं तर लगद्याच्या छोट्या गोळ्या सूपमध्ये सोडून टाका, निदान तेल आणि पँको तरी वाचतो.

साठवण

तिहेरी थर लावलेले कच्चे वडे ताटात एकमेकांना न टेकवता गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा. उणे १८ अंशांवर महिनाभर चांगले राहतात, पुढे लगदा पाणी सोडायला लागतो. मात्र एकदा गोठवून वितळवलेली कोळंबी वापरली असेल तर पुन्हा गोठवलेले वडे आतून मऊ होतात, म्हणून गोठवण्यासाठी ताज्याच कोळंबीचे करा. तळताना वितळवू नका. थेट फ्रीझरमधून १६० अंशांच्या तेलात सोडा आणि सहा ते सात मिनिटं तळा. वितळताना सुटणारं पाणी चुऱ्यात मुरतं आणि मग आवरण कधीच कुरकुरीत होत नाही. बर्फाचे सुटे कण वड्यावर असतील तर आधी झटकून टाका, नाहीतर तेल उडतं.

तळून उरलेले वडे फ्रिजमध्ये एक दिवस ठेवता येतात. ओव्हनमध्ये जाळीवर, १९० अंशांवर सात-आठ मिनिटं गरम केले की आवरण बरंचसं परत येतं. मायक्रोवेव्हमध्ये ते ओलं चामडं होतं.